परदेशी बूट, कस्टम्सचं गणित आणि माझं आधार: संशोधनाचा एक छोटा सराव

लॅबमध्ये दिवसाचे सात-आठ तास उभं राहायचं, आणि त्याच्या आधी-नंतर डोंबिवली लोकलमध्ये पुन्हा उभंच राहायचं. माझे पंजे रुंद आहेत. फडके रोडवरची दुकानं झाली, ठाण्याला गोखले रोड झाला, दोन मॉल झाले. सगळीकडे एकच उत्तर: "मॅडम, एक नंबर मोठा घ्या." मोठा नंबर घेतला की टाच सटकते आणि करंगळी मात्र तशीच दाबली जाते. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये परदेशातल्या एका दुकानातून जास्त रुंदीचे बूट मागवायचं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, पीएचडीच्या ब्लॉगवर बुटांचं काय काम? सांगते. या एका खरेदीत मला दोन प्रश्न पडले. एक, हे बूट घरी येईपर्यंत नेमके किती रुपये जातील? दोन, या व्यवहारात माझी कोणती माहिती कोणाकडे जाईल? दोन्हींची उत्तरं शोधताना जे केलं, तेच तुम्हाला उद्या संशोधनात करायचं आहे: व्याख्या तपासणं, मूळ कागद वाचणं, गृहीतकं लिहून ठेवणं, आणि जेवढा डेटा लागतो तेवढाच देणं.

दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर

पहिल्या संध्याकाळी मी सगळे करतात तेच केलं. गूगलवर शोधलं, मित्रांना विचारलं. एक जण म्हणाला ६३ टक्के कर लागतो. दुसरीने ठासून सांगितलं, ७७ टक्के, तिने स्वतः भरलाय. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. फरक वर्गीकरणाचा आहे.

जगभरात मालाला एक सांकेतिक क्रमांक असतो. ही 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' १९८८ पासून चालू आहे. पहिले सहा अंक बहुतेक सगळ्या देशांत सारखे, पुढचे अंक देशाचे स्वतःचे. भारतात एकूण आठ. बुटांचा अध्याय ६४. चामड्याचा वरचा भाग असेल तर ६४०३, कापडी किंवा जाळीदार असेल तर ६४०४, रबर-प्लास्टिकचा असेल तर ६४०२. पण याच यादीत ९८०४ नावाचा एक वेगळा कप्पा आहे: वैयक्तिक वापरासाठी आणलेला माल. तिथे मूळ शुल्क अनेक वर्षं ३५ टक्के होतं, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३८.५. मग या सगळ्यावर २८ टक्के आयजीएसटी. गुणाकार केला की ७७.२८ टक्के येतात. मैत्रिणीचा आकडा हाच होता, जुन्या दराचा आणि वेगळ्या कप्प्याचा.

६३ कुठून आले? ते बुटांच्या अध्यायातून. २०२० च्या अर्थसंकल्पात बुटांवरचं शुल्क २५ वरून ३५ टक्के झालं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २० वर आणलं. वर्तमानपत्रात "बुटांवरचं शुल्क घटलं" असं वाचलं की आपण खूश होतो. पण त्याच दिवशी १८.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागला आणि समाजकल्याण अधिभार काढला. आधी ३५ अधिक ३.५, आता २० अधिक १८.५. बेरीज दोन्हीकडे ३८.५! बुटांवर शेतीचा उपकर कशाला, हा प्रश्न मलाही पडला. पण आपल्या गणिताला फक्त बेरीज लागते.

संशोधनात याला म्हणायचं: शीर्षक वाचू नका, तक्ता वाचा. पेपरचा गोषवारा "घट" म्हणत असेल, तर कशात घट आणि बाकीचं काय झालं, हे तक्त्यातच कळतं.

गणित, पायरी पायरीने

आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत. समजा बूट १०,००० रुपयांचे आणि विमानाने पाठवायचा खर्च २,६०० रुपये.

पायरी १: मूल्य ठरवणं. कर फक्त बुटांच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत एक बारीक गोष्ट आहे: विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणून २,६०० दिले तरी धरायचे २,०००. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ११२.५०. एकूण १२,११२.५०.

पायरी २: मूळ शुल्क २० टक्के, २,४२२.५०. उपकर १८.५ टक्के, २,२४०.८१.

पायरी ३: आयजीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. आपला बूट वरच्या गटात. पण हे १८ टक्के १२,११२ वर नाहीत. आधीची शुल्कं मिळवून झालेल्या १६,७७५.८१ वर आहेत. म्हणजे ३,०१९.६५. करावर कर म्हणतात तो हा.

एकूण कर ७,६८२.९६, मूल्याच्या ६३.४३ टक्के. घरी येईपर्यंत बूट २०,२८३ रुपयांचे. जेआरएफचा २०२३ पासूनचा दर महिना ३७,००० आहे. म्हणजे नुसता कर फेलोशिपचा पाचवा हिस्सा आणि अख्खी खरेदी अर्ध्याहून जास्त. हे ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी माहीत असलेलं बरं.

याशिवाय तीन गोष्टी वेगळ्या धरा: कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार, कुरियर कंपनी तुमच्या वतीने कर भरते त्याचं शुल्क, आणि विनिमय दर. कस्टम्स स्वतः जाहीर केलेला दर वापरतं, तुमच्या बँकेचा नाही. माझा अंदाज आणि बिलातला कर यात सव्वाशे रुपयांचा फरक पडला, तो याच दरामुळे. मला तो फरक आवडला, कारण तो कुठून आला हे सांगता येत होतं. अंदाज चुकला तरी चालतो, चुकीचं कारण सापडलं पाहिजे.

"गिफ्ट लिहून पाठवा ना"

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पूर्वी पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. १२ डिसेंबर २०१९ च्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनंतर ती वाट बंद झाली. टपालाने किंवा कुरियरने करमाफ भेट म्हणून आता जीवरक्षक औषधं आणि राखी एवढंच येऊ शकतं. तीही फक्त राखी. राखीसोबतची भेटवस्तू नाही. पूर्ण कर भरून भेट मागवायला मात्र आडकाठी नाही.

दुसरा सल्ला: विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगा. नका सांगू. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात कलम १११ खाली असा माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ खाली दंड होतो. आणि जो माणूस पावतीवरचा आकडा सोयीने बदलतो, त्याला पुढे प्लॉटवरचा नको असलेला बिंदू पुसायलाही फारसं जड जात नाही. सवय एकच असते.

सरळ मार्गही आहेत. कोणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर त्यांच्या सामानातून बूट येऊ शकतात. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५०,००० रुपयांपर्यंतची सवलत होती. प्रवासाआधी चालू आकडा बघून घ्या. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही, त्यामुळे कोणी तो काढून देण्याचे पैसे मागितले तर देऊ नका. आणि १ ऑगस्ट २०२४ पासून बुटांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झालेत, ज्यात बीआयएसचं चिन्ह लागतं. म्हणून तुमच्या प्रकारचा एक जोड ते सोडवून आणतील का, हे कुरियरला आधी ईमेलवर विचारा. फोनवरचं आश्वासन पुरावा नसतं.

नंबर मागवताना पाय संध्याकाळी मोजा, मिलिमीटरमध्ये, लांबी आणि रुंदी दोन्ही. बूट परत पाठवला तर भरलेला कर परत मिळवायची तरतूद कायद्यात आहे, पण एका जोडासाठी ती कागदपत्रं करत बसणं परवडत नाही.

आता दुसरा प्रश्न: माझी माहिती

कुरियरने आलेला माल सोडवायला केवायसी लागतं. इथे माझी चूक झाली, ती सांगते. दोन वर्षांपूर्वी एक छोटं पार्सल मागवलं होतं. एका नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आला: "आधारचा फोटो पाठवा, पार्सल अडकलंय." मी लोकलमध्ये होते, दिव्याला गाडी थांबलेली, पाठवून टाकला. पुढून, मागून, बारा अंकांसह. पार्सल आलं. महिन्याभराने फोन आला: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या. माझं पूर्ण नाव आणि पत्ता त्याला पाठ होता. मी फोन ठेवला, पण रात्रभर झोप लागली नाही.

त्या फोटोमुळेच हा फोन आला का? मला सिद्ध करता येणार नाही. आधी एक घडलं, नंतर दुसरं घडलं, एवढंच माझ्याकडे आहे. पण फोटो कुठे गेला हे मला सांगता येत नाही, हेच पुरेसं वाईट आहे.

या वेळी मी असं केलं:

१. केवायसीची लिंक मेसेजमधून उघडली नाही. कुरियरची साइट स्वतः टाइप करून ट्रॅकिंग क्रमांकावरून गेले.

२. आधारच हवं असं नसतं. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं. आधारच द्यायचं ठरलं तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात.

३. प्रतीवर आडवं लिहिलं: फक्त अमुक पार्सलच्या कस्टम्स केवायसीसाठी, तारीख. असा कागद दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

४. पत्ता जुळवला. माझं आधार कल्याणच्या घरचं, राहते डोंबिवलीत. पार्सल कल्याणला मागवलं, एक ईमेल कमी झाली.

५. खोका टाकताना वरचं लेबल फाडलं. नाव, फोन, पत्ता, वस्तूची किंमत सगळं त्यावर छापलेलं असतं आणि ते सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशी दिवसभर पडून राहतं.

कस्टम्सच्या नावाने फोन आला तर लक्षात ठेवा: खात्याच्या अधिकृत पत्रावर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, २०१९ पासून. तो सीबीआयसीच्या साइटवर तपासता येतो. कोणाच्या वैयक्तिक खात्यात शुल्क भरायला कस्टम्स सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

कायदा आपल्या बाजूने आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. तोवर मास्क आपणच लावायचा.

हे तुमच्या प्रबंधात कुठे बसतं

उद्या तुम्ही सर्वेक्षण कराल, रुग्णांचे नमुने घ्याल, शाळेतल्या मुलांची उत्तरं गोळा कराल. तेव्हा समोरचा माणूस तुमच्या संमतीपत्रावर तशाच घाईत सही करेल जशी मी दिव्याला फोटो पाठवला. म्हणून फॉर्ममधला प्रत्येक रकाना बघून स्वतःला विचारा: हा मला खरंच लागतो का? जन्मतारीख हवी की वय पुरेल? नाव हवं की क्रमांक पुरेल? काम झाल्यावर मी हे कधी पुसणार? नैतिकता समितीचा अर्ज भरताना हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. अनोळखी आवाज तुमचा पत्ता वाचून दाखवतो, त्या रात्रीनंतर वाटत नाहीत.

आणि दर? ते अर्थसंकल्पागणिक हलतात. माझे आकडे नोव्हेंबर २०२५ चे आहेत. तुम्ही वाचाल तेव्हा तीन पायऱ्या त्याच ठेवा आणि टक्के नव्याने भरा.

बूट छान आहेत. परवा कल्याणपर्यंत उभी आले, करंगळीने तक्रार केली नाही.