एका ओळीचा दिवस

सकाळी ६.१०. रेणुकेच्या गडावर धुकं आहे. ताई ओट्यावर तांबूल कुटतेय. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप. आत भाचा लॅपटॉप उघडून बसलाय. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, ते दहाला सुरू. त्याआधीचे तास लिनक्सच्या कर्नलला. बिनपगारी.

७.००. एका ड्रायव्हरमध्ये मेमरी मिळाली नाही, तर फंक्शन मधूनच परत फिरतं. हाती धरलेला नोड सोडायचा राहतो. औषध एका ओळीचं. टॅब देऊन लिहायची, आणि इथे टॅब आठ अक्षरांचा. अर्ध्या मिनिटात लिहून झाली. बिल्ड अर्ध्यावर असताना लाइट गेली. बॅटरी ४० टक्के. वायफायही गेलं, मोबाइलचा डेटा लावला.

८.१५. आता त्या ओळीसोबत, ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरना द्यायची चिठ्ठी. अकरा ओळी झाल्या. ‘नोड म्हणजे काय’ इथपासून सुरुवात.

“मामा, हे त्यांना पाठ असतं. काय बिघडतं, कधीपासून, एवढंच हवंय.”

सहा ओळी उडाल्या. मग गिट ब्लेम लावून चूक मुळात कोणत्या कमिटमध्ये शिरली ते शोधलं. त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं ‘फिक्सेस’पुढे. मथळ्यात ‘जोडलं’ चालत नाही, ‘जोड’ लागतं. आज्ञार्थी. ज्या बोर्डाचा हा ड्रायव्हर, तो काही याच्याकडे नाही, म्हणून तळाशी लिहिलं: फक्त कंपाइल करून पाहिलं.

“हे कशाला कबूल करायचं?”

“उद्या लॉग मागितला तर कुठून देऊ?”

९.२०. ‘साइन्ड-ऑफ-बाय’. कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे, अशी ही सही. २००४ पासूनची रीत. चेकपॅच चालवलं: शून्य एरर, शून्य वॉर्निंग. ब्राउझरमधल्या जीमेलनं टॅब मोडतात, म्हणून गिट सेंड-ईमेल. गेली.

दुपारी ३.४०. मेंटेनरचं उत्तर. दोनच वाक्यं. खालच्या दुसऱ्या रिटर्नवरही नोड अडकत नाही का? भाचा स्क्रीनकडे बघत राहिला. अडकतो. सकाळपासून तो रिटर्न आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर होता.

संध्याकाळी ६.३०. कंपनीचं काम आटोपून पुन्हा तेच. दोन्ही वाटा एका लेबलवर आणल्या. ताई पुड्या बांधत होती.

“पैसे भेटतात का रे याचे?”

“नाही.”

“मग सकाळपासून काय लिहितोस?”

त्यानं चिमूटभर तांबूल तोंडात टाकला. मथळ्यात ‘व्ही २’ घातलं. तीन डॅशच्या खाली, काय बदललं त्याच्या दोन ओळी. पाठवलं मात्र नाही.

“लगेच धाडलं तर वाटेल, नीट बघितलंच नाही. उद्या सकाळी.”