वीस वर्तुळांचा वाढदिवस

गेल्या वर्षी आमच्या नातीचा सातवा वाढदिवस एका सभागृहात साजरा झाला. सजावट, फुगे, खेळ घेणारा एक उत्साही तरुण, प्रत्येक मुलाला परतभेट, सारे काही ठरवून दिलेले होते. दोन तासांत कार्यक्रम आटोपला आणि रात्री सभागृहाच्या मागच्या बाजूला फुटक्या फुग्यांनी व चकचकीत कागदाने भरलेली चार पोती मी स्वतः पाहिली. घरी येताना नातीला विचारले, "काय आवडलं गं सगळ्यात जास्त?" ती बराच वेळ विचार करीत राहिली आणि म्हणाली, "केक." ज्या कार्यक्रमात मुलांनी हाताने काहीच केले नाही, त्यातले मुलांच्या लक्षात तरी काय राहणार?

या वर्षी तिचा वाढदिवस दिवाळीच्या सुट्टीत आला. घरीच बारा मुलांना बोलवावे आणि त्यांच्याकडून आकाशकंदील करून घ्यावेत, अशी कल्पना मी मांडली. सूनबाईंना ती आवडली. मुलगा मात्र हसून म्हणाला, "अण्णा, रात्री तुम्ही ते सगळे परत नव्यानं करणार असाल, तर पोरांना कशाला त्रास?"

तो हसत बोलला. पण मी निरुत्तर झालो. त्यामागे एक जुनी गोष्ट होती.

हा मुलगा चौथीत असताना मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. त्या दिवाळीत त्याने स्वतः कामट्या बांधून, खळ लावून, पतंगी कागदाची चांदणी केली. चांदणीचे एक टोक आखूड होते आणि कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. दिवसभर खात्यांतील चुका शोधणारा माझा डोळा त्या आखूड टोकावरून हटेना. मुलगा झोपल्यावर मी कामट्या सोडल्या, मोजून पुन्हा बांधल्या, नवा कागद चढवला आणि पहाटे कंदील दारात लावला. शेजाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केले. मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर त्याने कधीही कंदील केला नाही. अभ्यास वाढला असेल, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

म्हणून या वाढदिवसासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतला : तयारी मोठ्यांची, काम मुलांचे. तयारीत कसूर करायची नाही आणि कामाला हात लावायचा नाही.

तयारी

घरात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका बाहेर काढल्या. त्यांचा कागद जाड, रंगीत आणि घडी चांगली धरणारा असतो. त्यांवरील देवादिकांची चित्रे व मंगलचिन्हे असलेला भाग आधी कापून आदराने बाजूला ठेवला. बाकीच्या कागदावर कंपासने 5 सेंटिमीटर त्रिज्येची 60 वर्तुळे आखली. चिकटवण्यासाठी घरचीच खळ केली. दोन मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा आणि मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की उतरवावे. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या कामासाठी कधीही वापरू नये. खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

बँकेची सवय जात नाही, म्हणून हिशेबही देतो. पतंगी कागद 120 रुपये, रंगीत कार्डपेपर 180, बोथट टोकाच्या सहा कात्र्या 240, बॅटरीवर चालणारे पंधरा छोटे दिवे 300 आणि दोरा 20. एकूण 860 रुपये. कात्र्या पुढच्या वर्षीही उपयोगी पडतील. बारा मुलांना सहाच कात्र्या मुद्दाम आणल्या. दोघांत एक कात्री असली की एक कापतो, दुसरा कागद धरतो आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

पहिला कंदील : प्रत्येकाचा आपापला

पाच वर्षांच्या मुलालाही जमेल असा हा प्रकार आहे. ए-4 आकाराचा कार्डपेपर लांबीच्या बाजूने दुमडावा. उघड्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर पेन्सिलीने एक रेघ आखावी. आता दुमडलेल्या कडेकडून त्या रेघेपर्यंत दीड-दीड सेंटिमीटर अंतरावर सरळ काप द्यावेत. कागद उलगडून त्याच्या आखूड कडा एकमेकींवर चिकटवल्या की उभ्या पट्ट्यांची नळी तयार होते. आत पिवळ्या पतंगी कागदाची दुसरी नळी बसवावी. मात्र ती बाहेरच्या नळीपेक्षा 2 ते 3 सेंटिमीटर आखूड ठेवून दोन्हींच्या वरच्या व खालच्या कडा जुळवाव्यात. आतली नळी आखूड असल्यामुळे बाहेरच्या पट्ट्या फुगतात आणि कंदिलाला पोट येते. वर कागदी पट्टीची कडी आणि खाली पतंगी कागदाच्या झिरमिळ्या लावल्या की काम पूर्ण. लहान मुलांसाठी रेघा आधीच आखून ठेवाव्यात. रेघ चुकली आणि काप आरपार गेला, तर कागद दुसरा द्यावा, रागवू नये.

दुसरा कंदील : सर्वांनी मिळून

आठ वर्षांपुढील मुलांना थोडे आव्हान हवे असते. त्यांच्यासाठी वीस वर्तुळांचा गोल. चार मुलांचा एक गट केला आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच वर्तुळे दिली. प्रत्येक वर्तुळाच्या परिघावर त्रिज्येएवढ्या अंतराने खुणा केल्या की बरोबर सहा खुणा होतात. त्यांतील एकाआड एक तीन खुणा जोडल्या की समभुज त्रिकोण मिळतो. त्याच्या बाजूंवर वर्तुळाच्या तीन पाकळ्या वर दुमडायच्या. पाच वर्तुळे एका बिंदूभोवती पाकळीला पाकळी लावून चिकटवली की वरची टोपी झाली, तशीच खालची. उरलेली दहा वर्तुळे एक सुलटे, एक उलटे अशी ओळीने जोडून त्यांचा पट्टा करायचा आणि त्याची दोन टोके जोडून कडे बनवायचे. त्याला दोन्ही टोप्या बसवल्या की गोल तयार. खालच्या टोपीतील एक वर्तुळ एकाच बाजूने चिकटवून कवाडासारखे मोकळे ठेवावे. त्यातून दिवा आत जातो. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती लावू नये. बॅटरीवरचाच दिवा ठेवावा.

मी मुलांना विचारले, "वीस वर्तुळांच्या पाकळ्या किती?" उत्तर आले, साठ. "एका जोडाला किती पाकळ्या लागतात?" दोन. "मग जोड किती?" तीस! कवाडाच्या दोन बाजू मोकळ्या, म्हणजे चिकटवायचे जोड अठ्ठावीस. एका मुलाने बोट ठेवून सगळे जोड मोजले आणि ताळा जमल्यावर जो आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसला, तो मी वर्षअखेरीस ताळेबंद जुळल्यावर अनेक सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे.

घडीमागची परंपरा

कागदाच्या घडीतून शिक्षण ही कल्पना नवी नाही. बालवाडीला 'किंडरगार्टन' हे नाव देणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. त्यापासूनच प्रेरणा घेऊन टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते 1893 साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे फेलिक्स क्लाइन या नामवंत जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला आणि 1901 मध्ये त्याची अमेरिकन आवृत्तीही निघाली. सुंदर राव सरकारी नोकरीत होते, हे वाचून माझ्यासारख्या नोकरदाराला विशेष आनंद झाला.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम करताना महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते मुलांना भूमितीचे आकार जोडायला शिकवतात. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. या सर्वांच्या कामातून मला एकच गोष्ट उमगली : साधन स्वस्त असले की मूल ते बिघडण्याची भीती बाळगत नाही आणि भीती गेली की हात चालू लागतो.

ऋतूमागून ऋतू

वाढदिवस केवळ दिवाळीत येत नाहीत. पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या होड्या आणि पोळ्याला मातीचे बैल करता येतात. भाद्रपदात शाडूची माती घरात येतेच; तिचा एक गोळा मुलांच्या स्वाधीन करावा. श्रावणात रेशीम सोडून साध्या सुती दोऱ्याच्या राख्या कराव्यात. संक्रांतीला भिंतीवर लावण्याचे छोटे पतंग करावेत. त्यांना मांजा लागत नाही आणि कोणा पक्ष्याचे पंखही कापले जात नाहीत. होळीच्या आधी पळसाची फुले पाण्यात उकळून केशरी रंग करावा. दिवाळीचा किल्ला तर आपला हक्काचाच. अंगण नसेल तर मोठ्या परातीत माती रचावी आणि चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरावी. नेमकी वसुबारसेला तटबंदीखाली हिरवळ उगवते.

आणि माझा हात

आता त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या गटाच्या गोलात एक वर्तुळ उलटे चिकटले. पत्रिकेची पांढरी बाजू बाहेर आली आणि शेजारच्या जोडात बोटभर फट पडली. खळ अजून ओली होती. दोन मिनिटांचे काम होते. माझा हात नकळत पुढे गेला. समोर खळीची वाटी घेऊन मुलगा उभा होता. तो काही बोलला नाही. फक्त माझ्या हाताकडे पाहत राहिला. मी हात मागे घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

संध्याकाळी दिवे मावळून तिन्ही गोल गॅलरीत लावले. त्या फटीतून उजेडाची एक रेघ भिंतीवर पडली. ज्या मुलीने ते वर्तुळ उलटे लावले होते, तिनेच ती आधी पाहिली आणि "आमच्याच कंदिलातून येते ती!" असे ओरडून सगळ्यांना दाखवली. जाताना प्रत्येक मूल आपला छोटा कंदील हातात धरून जिना उतरले. परतभेट वेगळी द्यावी लागली नाही.

रात्री आवराआवर करताना मुलाने विचारले, "अण्णा, कामट्या मिळतात का हो अजून बाजारात?" मिळतात, म्हणालो. कशासाठी, ते मी विचारले नाही.

वाचकहो, येत्या सुट्टीत आपल्या घरीही चार मुलांना बोलवा. कागद, कात्री, वाटीभर खळ आणि दोन तासांचा निवांत वेळ पुरेसा आहे. आणि कंदील वाकडा झाला, तर तो तसाच दारात लावा.