ढमढम्या डिकी आणि करंगळीएवढी वायर

एखादी गाडी आली की गाणं कळायच्या आधीच छातीत ढम-ढम होतं ना? तिच्या डिकीत असतो ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज दांडगा करणारा डबा! त्याला वीज मिळते पार पुढच्या बॉनेटखालच्या बॅटरीतून. आणि ती आणणारी वायर केवढी जाड माहितीये? चक्क करंगळीएवढी!

घरचा मिक्सरही या ॲम्प्लिफायरसारखाच साधारण ५०० वॅटचा, पण त्याची वायर बघ, किती बारीक! असं का बरं?

कारण घरची वीज २३० व्होल्टची, आणि गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची!

समज, पिंप भरायचंय. हंडे असले तर दोन मुलं पुरतील. पण हातात नुसत्या वाट्या दिल्या तर? चाळीस मुलं पळवावी लागतील! व्होल्ट म्हणजे भांडं केवढं, आणि अँपिअर म्हणजे मुलं किती. खरंच, ४८० वॅटसाठी घरी लागतात साधारण २ अँपिअर, गाडीत तब्बल ४०! एवढी फौज बोळात घुसली तर चेंगराचेंगरीच. वायर तापते! म्हणून रस्ता रुंद हवा.

बरं, वाट्या रिकाम्या करून मुलं परत कुठून जातात? ओळख बघू!

गाडीच्या पत्र्यातून! हो, ज्याला टेकून आपण उभे राहतो ना, त्याच! ॲम्प्लिफायरची काळी वायर हातभरसुद्धा नसते. ती स्क्रूने पत्र्यालाच घट्ट जोडलेली. त्याआधी मेकॅनिक तिथला छान चकचकीत रंग चक्क खरवडून काढतो, कारण रंगातून वीज जात नाही. (गाडीच्या मालकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो!)

मग पत्र्याला हात लावला तर शॉक? छे! १२ व्होल्टची वीज आपल्या कोरड्या कातडीतून जाणवण्याइतकीही शिरत नाही.

पण बॅटरीतून येणाऱ्या त्या जाड लाल वायरचं साल निघून ती पत्र्याला घासली, तर सगळी मुलं एकदम सुसाट! शेकडो अँपिअर! आगच लागेल. म्हणून बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज बसवतात. त्यातली पट्टी आधी वितळते आणि रस्ता बंद! फ्यूज डिकीत ठेवला, तर मधली अख्खी वायर राखणीवाचूनच राहील की!

आणि रात्री एक मजा बघ. पिवळ्या बल्बचे हेडलाइट असलेल्या गाडीत ढोलाचा दणका बसला, की ॲम्प्लिफायर एवढी वीज ओढतो की व्होल्ट क्षणभर घसरतात. मग दिवेही ठेका धरतात, ढम म्हटलं की मंद, ढम म्हटलं की मंद!