बेबी नंदाची आठवण

मैत्रिणींनो, आपल्या आया-मावश्यांनी 'छोटी बहन' डोळे पुसत पाहिला. त्यातली नंदा २५ मार्च २०१४ रोजी मुंबईत गेली. आज आपण तिची आठवण काढू.

ती कोल्हापूरची, मास्टर विनायकांची लेक. १९४७ साली वडील गेले तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. घराला हातभार लावायला 'बेबी नंदा' कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुढे 'छोटी बहन' (१९५९), 'जब जब फूल खिले' (१९६५), 'प्रेमरोग' (१९८२) अशा चित्रपटांत काम करत राहिली. 'आंचल'साठी तिला फिल्मफेअर मिळालं.

तिचं कौतुक आहेच. पण एवढ्या लेकरावर घराचा भार यावा का? आज त्यासाठी कायदा आहे. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कमाईतले निदान २० टक्के लेकराच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात.

आपल्या परभणी जिल्ह्यातलं एखादं लेकरू उद्या मालिकेत निवडलं गेलं, तर पेढे जरूर वाटू. पण त्याआधी हे सगळं विचारून घेऊ.