ड्रायर फिरतो, पण तापत नाही : पावसाळ्यातील एक घरगुती चिकित्सा

विदर्भाच्या उन्हाळ्यात वस्त्रे वाळवण्याचा प्रश्न कोणाला पडत नाही. गच्चीवरच्या दोरीवर टाकलेले जाड सुती धोतरही घटकाभरात कडकडीत होते. आषाढ लागला की मात्र चित्र पालटते. वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत, सदनिकेच्या अरुंद बाल्कनीत दोन-दोन दिवस कपडे ओलेच लोंबतात. ओलसर वस्त्राला कुबट वास येतो, त्यावर बुरशी धरते. बुरशीतील सूक्ष्म जीवांची विराधना टाळावी, ही चातुर्मासात आपल्याकडे विशेष जपली जाणारी जयणा आहे. त्यातच पर्युषणात पूजेची स्वच्छ, कोरडी वस्त्रे रोज लागतात. म्हणून अनेक घरांत कपडे वाळवण्याचा ड्रायर आला. नेमक्या गरजेच्या दिवशी त्याचा ड्रम फिरतो, आवाज येतो, परंतु कपडे तासाभरानंतरही थंड आणि ओलेच निघतात.

अशा वेळी नवे यंत्र घेण्याची घाई नको. रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला म्हणून आपण नवी वही आणत नाही. एकेक नोंद ओळीने तपासतो. येथेही तीच शिस्त पाळावी.

यंत्राची जात ओळखा

पहिला प्रश्न असा, की आपल्या यंत्रात हीटर आहे का? सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टाकीला आपण ‘ड्रायर’ म्हणतो खरे. पण ती टाकी केवळ वेगाने फिरून पाणी पिळून काढते. तिच्यात उष्णता नसतेच. पूर्ण स्वयंचलित यंत्रातील ‘एअर ड्राय’ हेही बहुधा हवा खेळवण्याचेच काम असते. अशा यंत्रातून गरम कपड्यांची अपेक्षा करून मेकॅनिकला बोलावणे व्यर्थ आहे.

खऱ्या ड्रायरचेही प्रकार आहेत. एक प्रकार दमट हवा नळीवाटे बाहेर टाकतो. दुसरा बाष्पाचे पाणी करून टाकीत साठवतो. तिसरा, हीट पंपाचा, तुलनेने कमी तापमानावर सावकाश वाळवतो. त्यातील कपडे कोमट निघाले, तर तो दोष नव्हे.

खर्चाविना होणाऱ्या तपासण्या

थंड हवेचा कार्यक्रम चुकून निवडला गेला आहे का, ते पाहावे. त्यानंतर तंतूंची जाळी काढावी. सुती कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू तिच्यावर साचतात आणि हवेची वाट अडते. हवा अडली की आतील उष्णता वाढते आणि संरक्षक थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. यंत्र फिरत राहते, ऊब मात्र जाते. जाळी प्रत्येक वापरानंतर स्वच्छ करावी. बाहेर जाणारी नळी दबलेली वा तुंबलेली नाही ना, हेही पाहावे. पाण्याची टाकी भरली असल्यास ती रिकामी करावी. साचलेले पाणी तसेच ठेवणे जयणेच्या दृष्टीनेही योग्य नाही.

कपड्यांतील पाण्याचाही हिशेब असतो. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६७ युनिट वीज लागते. कपड्यांत तीन किलो पाणी उरले असेल, तर इतर हानी सोडूनही दोन युनिट खर्ची पडतात. म्हणून कपडे आधी अधिक वेगाने पिळून घ्यावेत. ड्रायरमधील अर्धी तक्रार तेथेच मिटते.

विजेचा हिशेब

दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट व योग्य जाडीची तार हवी. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावू नये. प्लग गरम लागत असेल वा काळवंडला असेल, तर वापर लगेच थांबवावा. विजेचा दाबही महत्त्वाचा, कारण हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर उष्णता केवळ ६१ टक्क्यांच्या आसपास उरते. अशा वेळी यंत्रात दोष नसतो. दोष दाबात असतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील बहुतेक विजेच्या ड्रायरना २४० व्होल्ट लागतात आणि ते १२०-१२० च्या दोन वाहिन्यांतून मिळतात. एक वाहिनी तुटली, तर ड्रम फिरतो, पण हीटर तापत नाही. त्यांनी प्रथम ब्रेकरची पेटी पाहावी.

यंत्राच्या आत

येथून पुढे जाणकार कारागिराचे काम सुरू होते. प्लग काढल्याविना मागील झाकण उघडू नये. तपासण्याचा क्रम मात्र आपल्यालाही माहीत असावा. थर्मल फ्यूज मल्टिमीटरवर जवळपास शून्य रोध दाखवतो. काहीच जोड दिसत नसेल, तर तो उडालेला आहे. दोन हजार वॅटच्या चांगल्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असतो. तार तुटली असेल, तर मल्टिमीटर अनंत रोध दाखवतो. दोन्ही ठीक असल्यास थर्मोस्टॅट, तापमान मोजणारा सेन्सर आणि हीटरला वीज देणारा रिले पाहावा. हीट पंपाच्या यंत्रात कॉम्प्रेसर वा वायूची गळती असू शकते. तिथे कंपनीचाच कारागीर हवा.

जे कधीच करू नये

उडालेल्या थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून यंत्र ‘चालू’ करून देणारे हात सर्वत्र भेटतात. हे स्पष्टपणे नाकारावे. फ्यूज उडतो तो बहुधा तुंबलेल्या हवेमुळे. तंतूंचा ढीग आणि अमर्याद तापलेला हीटर एकत्र आले, की घर पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातील आकड्यांनुसार तेथे घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी नोंदल्या गेल्या, आणि साफसफाईचा अभाव हे त्यांचे प्रमुख कारण होते. म्हणून नवा फ्यूज बसवतानाच हवेची वाट मोकळी करून घ्यावी. नाहीतर तोही उडेल.

दुरुस्ती की नवे?

फ्यूज, थर्मोस्टॅट, जाळी हे स्वस्त भाग आहेत. मुख्य सर्किट वा कॉम्प्रेसर गेला असेल, तर दुरुस्तीचा अंदाज लेखी मागावा, यंत्राचे वय पाहावे आणि वॉरंटीची मुदत तपासूनच निर्णय करावा. काढलेला जुना भाग हाती घेऊन पाहावा, बिलात त्याचे नाव लिहून घ्यावे. दुरुस्ती होईपर्यंत कपडे दुसऱ्यांदा पिळून, अंतर राखून दोरीवर टाकावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि पंखा त्यांच्याकडे फिरवावा. वाहती हवा हीसुद्धा वाळवणारी शक्तीच आहे, आणि तिच्यासाठी हीटर लागत नाही.