हरणाऱ्या संघाची सोबत

गेल्या हंगामांत आपल्या शाळेच्या फुटबॉल संघानें एकही सामना जिंकला नाहीं, ही गोष्ट या अंकांत झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शहापुरापासून मुरबाडापर्यंत ती सर्वांस ठाऊक आहे. शेणव्याच्या मैदानावर पहिला सामना झाला त्या दिवशीं बांधावर उभें राहावयास जागा नव्हती. शेवटच्या सामन्यांत मध्यंतरानंतर जीं माणसें उरलीं तीं मोजावयास एका हाताचीं बोटें पुरलीं असतीं. पुढें दोघां पालकांनीं आम्हांस भेटून सुचविलें कीं, फुटबॉल बंद करून तो वेळ गणिताच्या उजळणीस द्यावा. संघांतील एक मुलगाही हळूच येऊन विचारून गेला, "सर, मी आतां कबड्डींत जाऊं कां?" दोघांनाही 'नाहीं' एवढेंच उत्तर देणें सोपें होतें, पण तें पुरेसें नव्हे. म्हणून संघ नव्यानें उभा करणें म्हणजे काय, त्यास इतका काळ कां लागतो, आणि त्या काळांत बांधावरच्या मंडळींचें काम काय, याचा थोडा विचार येथें करूं.

शाळेचा संघ ओढ्यासारखा असतो. नांव तेंच, पाणी दर वर्षीं निराळें. मुलें नववी-दहावींत खेळांत तयार होतात, आणि तयार होतात न होतात तोंच परीक्षा देऊन शहापूर, कल्याण, मुंबईकडे निघून जातात. दोन वर्षांपूर्वीं आपल्या संघांतील सात मुलें एकदम गेलीं. राहिलेल्या चौघांत सात नवीं मुलें मिळविलीं म्हणजे बेरीज अकरा होते हें खरें. पण संघ ही कांहीं बेरीज नव्हे. चेंडू ज्याच्या पायाशीं असतो त्याच्याकडे सर्वांचे डोळे असतात; खरें काम मात्र ज्यांच्यापाशीं चेंडू नसतो त्या दहा जणांचें. बचाव करणाऱ्या चौघांनीं केव्हां एकदम पुढें सरकावें व केव्हां मागें हटावें, गोलरक्षकाची हांक कोणी झेलावी, डावीकडचा गडी वळण्यापूर्वींच उजवीकडच्यानें कोठें धांव घ्यावी, हें फळ्यावर काढून शिकवितां येत नाहीं. तें शेंकडों वेळां चुकून अंगीं मुरतें. चौघांची रांग पुढें सरली आणि त्यांतील एकजण दोन पावलें मागें राहिला, कीं प्रतिपक्षाचा गडी 'ऑफसाइड' होत नाहीं, तो मोकळा सुटतो व गोल होतो. गेल्या वर्षीं आपल्यावर झालेल्या गोलांपैकीं पुष्कळ गोल अशा दोन पावलांचे होते. बांधावरून पाहणारास मात्र 'पोरें धांवतच नाहींत' एवढेंच दिसतें.

कोणी म्हणेल, ही खेड्यांतल्या शाळेची गत. पैसा असता, शिक्षक असते, तर असें झालें नसतें. तर मग पैसा, शिक्षक आणि कीर्ति ज्याच्यापाशीं होती अशा एका संघाची हकीकत सांगतों. ती गोव्याची आहे. गोव्यांत फुटबॉल रुजविला तो १८८३ सालीं शिवोली येथें विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीं, असें तेथील लोक सांगतात. त्याच गोव्यांत पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब हा एके काळीं साऱ्या हिंदुस्थानांत अग्रेसर होता. आपल्या मुंबईचा रोव्हर्स चषकही त्यानें जिंकलेला होता.

५ डिसेंबर २००४ रोजीं बंगळूर येथें फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो व कलकत्त्याचा मोहन बागान यांच्यांत झाला. धेंपोचे दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिली गड्यानें केले, आणि दुसरा गोल करतांना गोलरक्षकाशीं टक्कर होऊन तो मैदानावरच कोसळला. त्यांतच त्याचा अंत झाला. चषक मिळाला, गडी गेला. क्लबानें त्याचा १० क्रमांक पुढें कोणासही द्यावयाचा नाहीं असें ठरविलें. त्याच हंगामांत संघानें राष्ट्रीय लीगचें अजिंक्यपद प्रथमच मिळविलें. मग आर्मांदो कुलासो यांच्या शिकवणीखालीं २००६-०७, २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या हंगामांतही तो अजिंक्य ठरला. आठ हंगामांत पांच अजिंक्यपदें! २००८ सालीं तर ए. एफ. सी. चषकांत, म्हणजे आशियांतील संघांच्या स्पर्धेंत, तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला.

अशा संघाचे दिवस फिरावयास फार काळ लागला नाहीं. २०१४-१५ च्या हंगामांत तो आय-लीगमधून खालच्या श्रेणींत उतरला. दुसऱ्याच वर्षीं, २०१५-१६ त, त्यानें खालची श्रेणी जिंकली; आतां वर जावयाचें, एवढ्यांत निराळेंच घडलें. २०१४ सालीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला देशांत पहिलें स्थान देऊन आय-लीगला खालीं बसविण्याची योजना फुटबॉल महासंघानें मांडली. ती न पटल्यामुळें २०१६ सालीं साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो हे गोव्याचे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांनीं योग्य केलें कीं नाहीं यावर गोव्यांत दोन मतें आहेत, आणि त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परिणाम एवढाच कीं, ज्या संघाचे सामने देशभर पाहिले जात, तो आतां गोव्याच्या प्रो लीगमध्यें गांवोगांवच्या मैदानांवर खेळूं लागला.

या काळांत संघाची सूत्रें समीर नाईक यांच्याकडे आलीं. विजयाच्या वर्षांत याच संघाचा सदरा घालून ते खेळले होते. दुसरीकडे वैभव होतें तेव्हां ते येथें शिकवीत राहिले. संघानें २०२२-२३ चें गोवा प्रो लीगचें विजेतेपद मिळविलें, २०२३-२४ त आय-लीग दोनमधून वर चढला, आणि २०२४-२५ चा हंगाम पुन्हां आय-लीगमध्यें खेळला. हिशेब करून पाहावा: संघ घसरला त्या वर्षीं जो मुलगा पहिलींत होता, तो संघ परतला तेव्हां दहावींत गेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्यें गोव्यांतच सुपर चषकाचे सामने झाले, तेव्हां धेंपोनें ईस्ट बंगालशीं २-२ व मोहन बागानशीं ०-० अशी बरोबरी साधली. कागदावर पाहतां दोन्हींपैकीं एकही विजय नव्हे. पण मधलीं वर्षें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस त्या शून्याची किंमत विचारावी.

आतां आपल्या मैदानावर येऊं. हरणाऱ्या संघाचें मोजमाप कसें करावें, हें पुष्कळांस माहीत नसतें. फुटबॉलमध्यें गोल थोडे होतात; त्यामुळें एक घसरलेला पाय किंवा पंचांची एक शिट्टी सगळ्या सामन्याचा निकाल फिरवूं शकते, आणि चांगला खेळलेला संघही पुष्कळदां हरतो. तेव्हां नुसता निकाल पाहूं नये. गोल कोणत्या वेळीं झाले तें पाहावें. सगळे उत्तरार्धांत होत असतील तर मुलांचा दम कमी पडतो, कसब नव्हे. आणि दम सरावानें वाढतो. आपल्या गड्यांनीं सलग किती वेळां चेंडू एकमेकांस दिला तें मोजावें. आपल्या संघावर पहिल्या सामन्यांत सात गोल झाले, तिसऱ्यांत चार. शेवटच्या सामन्यांत एकच झाला, तोही संपण्यास पांच मिनिटें असतांना. म्हणजे ज्या सामन्यास कोणी उरलें नव्हतें, तोच हंगामांतील सर्वांत चांगला सामना होता!

आणि येथें आम्हांस आमचाही दोष सांगितला पाहिजे. त्या दिवशीं मध्यंतरास आम्हीही वह्या तपासण्याचें निमित्त काढून घरीं गेलों होतों. एका हाताच्या बोटांवर मोजलेल्या त्या माणसांत आम्ही नव्हतों.

बांधावर माणसें असलीं काय आणि नसलीं काय, खेळणारे तर तेच अकरा, असें आम्हांस पूर्वीं वाटे. परंतु याची परीक्षा सगळ्या जगानें नकळत पाहिली आहे. २०२० सालीं महामारीमुळें जर्मनींतील सामने कांहीं महिने प्रेक्षकांवांचून खेळले गेले. मैदानें तींच, गडी तेच. तरी स्वतःच्या मैदानावर खेळणाऱ्या संघास नेहमीं जो लाभ होतो तो पुष्कळ घटला, आणि पाहुण्या संघास ताकीद देण्यांत पंचांचा हातही नेहमींपेक्षां आंखडला. हांक मारणारा नुसता बघ्या नसतो, तो खेळाचा एक भाग असतो, हें त्यावरून दिसलें.

मात्र सोबत करणें म्हणजे खोटी स्तुति करणें नव्हे. 'तुम्हीच जिंकलां असतां, पंच वाईट' असें हरलेल्या मुलास सांगणारा पालक त्याचा मित्र नव्हे. कोठें चुकलें तें त्याला घरीं, जेवतांना, शांतपणें सांगावें. बांधावरून ओरडून नव्हे. आणि जुन्या संघाशीं तुलना तर करूंच नये. जुना संघही आपल्या पहिल्या वर्षीं असाच खेळत होता. त्याचे पराभव आपण विसरलों एवढेंच.

शेणव्याच्या मुलांस राब म्हणजे काय तें सांगावयास नको. उन्हाळ्यांत शेताच्या कोपऱ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून भाजतात, तेव्हां वाटसरूस तेथें काळ्या राखेवांचून कांहीं दिसत नाहीं. पण ज्याचें शेत असतें तो त्या राखेकडे पाहून पावसाची वाट पाहतो. राख दिसली म्हणून शेत विकावयास काढीत नाहीं.

गणिताविषयीं बोलावयाचें तर सराव आठवड्यांतून दोनच दिवस, तासभर असतो. संघांतील ज्या तीन मुलांचें गणित कच्चें आहे त्यांची शिकवणी आम्ही शनिवारीं सकाळीं स्वतः घेऊं. त्या दोघां पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढच्या सामन्यास शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबावें, आणि मग संघ बंद करण्याविषयीं बोलावें. त्या मुलाचें म्हणाल तर कबड्डी हा आपल्या मातीचा उत्तम खेळ आहे. ती आवडते म्हणून तो जात असेल तर त्यानें आनंदानें जावें. हरतों म्हणून जात असेल तर आधीं आपल्या गोलरक्षकास तें तोंडावर सांगावें, असें आम्हीं त्यास सुचविलें. त्यानें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.

भातकापणी आटोपली कीं सराव पुन्हां सुरू होईल: मंगळवार व शुक्रवार, शाळा सुटल्यावर. चेंडू दोन आहेत. त्यांपैकीं एकाची शिवण उसवली आहे, ती कोणी पालक शिवून देतील तर बरें. डाव्या बाजूच्या बचावासाठीं एक मुलगा हवा आहे.