जुना कॉम्प्युटर, नवीन विंडोज: भंगारात द्यायच्या आधी हे ऐका

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर काही हरकत नाही, आज जे बोललो ते खाली सगळं लिहून दिलंय. विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला आहे. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यात विंडोज १० आहे, आणि तो सारखा सांगतोय की आता तुमचा सपोर्ट संपला. मग दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. घरचे म्हणतात, पैसे कुठून आणायचे?

हिंगणघाटला माझ्या मावशीचं छोटं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, शपथपत्र, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट असं सगळं तिथे होतं. तिचा फोन आला, "काहून रे बाबू, माझा कॉम्प्युटर बंद पडते का आता?" तिचं घर त्या एका डब्यावर चालतं, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता.

आधी भीती काढू

विंडोज १० आलं २०१५ साली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो सुरू होतो, प्रिंट काढतो, गाणी वाजवतो. फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. तुमच्या जुन्या मोबाईलचं होतं तसंच. फोन चालतो, पण नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही. आणि त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, लोकांचे आधार कार्ड स्कॅन करता. खरा धोका तिथे आहे.

विंडोज ११ का चढत नाही?

त्याच्या अटी आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे टीपीएम २.०. ही कॉम्प्युटरच्या आतली छोटी तिजोरी समजा, कुलपांच्या किल्ल्या त्यात राहतात. कित्येक मशीनमध्ये ती असते पण बंद असते. बायोसमध्ये जाऊन चालू करता येते. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम.

दुसरं म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी ओळखायची कशी? आय ५-७२००यू असं लिहिलं असेल तर डॅशनंतरचा पहिला आकडा बघा. ७ म्हणजे सातवी पिढी, नापास. आय ५-८२५०यू म्हणजे आठवी, पास. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप आहे, ते थेट हो की नाही सांगतं.

मावशीचा निघाला चौथ्या पिढीचा आय ३. म्हणजे सरळ रस्ता बंद.

मग काय काय करता येतं?

एक, मुदत वाढवून घ्या. विंडोज १० साठी जादा सुरक्षा अपडेटची योजना आहे, जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर घरगुती वापरासाठी पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. पण हा तात्पुरता उपाय आहे.

दोन, जुगाड करून ११ टाका. यूट्यूबवर व्हिडिओ भरपूर आहेत. चालतंही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फारच जुने प्रोसेसर असतील तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. आणि कोणी पेनड्राइव्हमधून 'क्रॅक' विंडोज टाकून देतो म्हणाला तर हात जोडा. क्रॅकसोबत व्हायरस फुकट मिळू शकतो.

तीन, लिनक्स टाका. नवख्या माणसाला लिनक्स मिंट सोपं जातं, विंडोजसारखंच दिसतं. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. पैसे लागत नाहीत. मराठी टायपिंग होतं, लिब्रेऑफिस त्यात येतंच. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय आधी तिथेच तपासा.

मावशीच्या दुकानात गाडी कुठे अडली?

तिचं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं, ते लिनक्सवर चालत नाही. आणि बारा वर्षांचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. तो दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दरवर्षी तेच गिऱ्हाईक येतं, "मागच्या वेळचीच पत्रिका काढा, फक्त नाव बदला." ते सगळं गेलं तर अर्धा धंदा गेला.

म्हणून आम्ही जुन्या हार्ड डिस्कला हातच लावला नाही. एक एसएसडी घेतली, रॅम ४ ची ८ केली. चौथ्या पिढीला डीडीआर३ रॅम लागते, दुकानात डीडीआर४ दिली तर बसणार नाही, हे लक्षात ठेवा. एसएसडीवर मिंट टाकलं, आणि टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली, म्हणजे चुकून पुसायची भीतीच नाही. नंतर केबल परत लावली.

आता इंटरनेटची सगळी कामं मिंटवर होतात: ऑनलाइन अर्ज, मेल, व्हॉट्सॲप. डीटीपी करायचं तेव्हा विंडोज, पण नेट पूर्ण बंद. गिऱ्हाईकाचा पेनड्राइव्ह थेट विंडोजला लावायचा नाही, हा नियम. आणि फावल्या वेळात एकेक फाईल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायची, कारण विंडोजची ती डिस्क काही कायम टिकणार नाही.

सगळा खर्च नव्या कॉम्प्युटरच्या एका छोट्या हिश्श्यात बसला. आणि वेग? खरा फरक एसएसडीने पडतो. चहा मांडून यायचं तोवर सुरू व्हायचा तो, आता गिऱ्हाईक बसायच्या आधी तयार असतो.

सुरू करण्याआधी चार गोष्टी

बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हला बॅकअप म्हणत नाहीत.

विजेचं बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि वादळात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज. बायोस अपडेट अर्ध्यावर थांबलं तर मदरबोर्डच जाऊ शकतो.

डेटा मोजा. विंडोज ११ ची फाईल ५ जीबीच्या वर, मिंटची ३ जीबीच्या आसपास. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही. मित्राचं वाय-फाय आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह, काम झालं.

आणि लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. कागदावर. त्यातलं एक जरी नवीन ठिकाणी चालत नसेल तर आधी त्याचा मार्ग काढा, मगच पुढे जा.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची

वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहिलंय? १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे चरखे आहेत. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटींमध्ये होतं की यंत्र दीडशे रुपयांच्या आत मिळावं, किमान वीस वर्षं चालावं, आणि वर्षाचा देखभाल खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे यंत्र किती टिकेल आणि गरिबाला ते दुरुस्त करणं परवडेल का, हा प्रश्न नवीन नाही. कॉम्प्युटर घेतानाही तो विचारायला काय हरकत आहे?

मशीन खरंच मेलं असेल तर टाकून द्या, पण ई-कचरा घेणाऱ्याकडेच, आणि डिस्क पुसून. बाकी, आज रात्री एवढंच करा: घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर नंबर बघा आणि आम्हाला कळवा. पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू, कुठूनही. पुढच्या भागात त्यातलेच प्रश्न घेऊ. चला, भेटू!